भात, गोठा आणि गोबरगॅस : त्र्यंबक तालुक्यातल्या एका मठाच्या कामाची वही

४ एप्रिल : मोजदाद

मठात कायम राहणारी माणसं १४. जमीन ५ एकर. त्यातली अडीच एकर भातखाचरं, दीड एकर उताराची वरकस आणि उरलेल्या एकरात इमारत, विहीर, गोठा, परसबाग. जनावरं सगळी डांगी: ६ गायी, २ बैल, ३ वासरं. दूध कमी देतात, एका गायीचं दोन वेळचं मिळून दीड-दोन लिटर. पण इथल्या पावसात बाहेरून आणलेली गाय टिकत नाही. डांगीच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी अंगावर ठरत नाही.

यंदा तीन कामं एकमेकांत अडकवायची आहेत: शेणाचा गॅस, गॅसच्या मळीचं (गॅस निघून उरलेल्या पातळ शेणाचं) खत, खताचा भात. भाताचा पेंढा परत गोठ्यात. कागदावर हे चक्र सुरेख दिसतं, म्हणून आधी शेण मोजलं. मोठं जनावर दिवसाला १० किलोच्या आसपास शेण टाकतं हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पण जनावर दिवसभर डोंगरावर चरत असेल तर निम्मं शेण रानात पडतं. आठवडाभर घमेली काट्यावर घातली तेव्हा रोज ५५ ते ६० किलोच भरलं. १४ माणसांचा सगळा स्वयंपाक करायला साडेतीन ते चार घनमीटर गॅस लागतो आणि किलोभर ताज्या शेणातून सुमारे ४० लिटर गॅस निघतो. म्हणजे रोज शंभर किलो शेण हवं, ते आपल्याकडे नाही.

ठरलं ते असं: दीनबंधू पद्धतीचा, म्हणजे विटांच्या पक्क्या घुमटाचा, ३ घनमीटरचा गोबरगॅस संच. त्याला रोज ७५ किलो शेण आणि तेवढंच पाणी. बैल आणि दुभत्या गायी सकाळी दहापर्यंत दावणीलाच ठेवायच्या, म्हणजे शेण पुरतं. मोठा भात चुलीवरच राहील.

११ एप्रिल : खड्डा

जागा स्वयंपाकघरापासून ६० फुटांवर, विहिरीपासून दूर, दिवसभर उन्हाची आणि आसपासच्या जमिनीपेक्षा उंच. उंची महत्त्वाची आहे. पावसाळ्यात इथे दोन-तीन फुटांवर पाणी लागतं, सखल जागी बांधलेला संच रिकामा असताना खालून उचलला जाऊ शकतो.

चार फुटांपर्यंत मुरूम निघाला, मग काळा कातळ. ब्रेकर लावला, तासाचे १,१०० रुपये, तरी दीड फुटाच्या पुढे जाईना. तिथेच थांबून संच तेवढा वर घेतला आणि बाहेरून दगड-मुरमाचा भराव चोपून घातला. घुमटाला बाहेरून मातीचा दाब लागतो, तो भरावानं मिळतो. मात्र भराव थराथरानं, पाणी मारून धुमसावा लागतो. कातळाशी झुंजत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडलं.

१९ एप्रिल : विटा

पहिल्या खेपेच्या विटांपैकी बऱ्याच कच्च्या निघाल्या. ओळखायची रीत सोपी: दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा, आणि वीट दिवसभर पाण्यात ठेवून वजन केल्यावर पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढायला नको. निम्मी गाडी परत पाठवली. एकूण विटा १,३०० (साडेनऊ रुपयांनी), सिमेंट २१ गोण्या. गवंड्याचे रोज हजार, बिगाऱ्याचे पाचशे.

गवंडी दीनबंधू बांधलेलाच हवा. घर बांधणाऱ्याला घुमट जमत नाही, कारण खाली फळ्यांचा आधार नसतो. मध्यबिंदूवर खुंटी ठोकून दोरीनं त्रिज्या राखत वीट-वीट चढवायची असते. दोरी ओली झाली की लांबते. तारेची वापरावी.

६ मे : गळती

बांधकाम झालं, आतून गिलावा झाला, पाणी भरून चाचणी घेतली. चाचणी अशी: संचात पाणी भरायचं, गॅसची तोटी बंद करायची, आणखी पाणी घालून आत हवा दाबायची, मग निर्गमकुंडीतली (मळी बाहेर पडते त्या कुंडीतली) पातळी खुणेनं दिवसभर पाहायची. पातळी चार बोटं उतरली.

पाणी काढून आत उतरल्यावर कारण दिसलं. घुमटाच्या आतला १:३ (सिमेंट:वाळू) चा गिलावा दुपारच्या जेवणासाठी मध्येच थांबला होता. जिथे थांबला तिथे वरपासून फिरत आलेला सांधा राहिला. पाणी अशा सांध्यातून लगेच झिरपत नाही, पण गॅस जातो. घुमटाचा गिलावा एका बैठकीतच उरकायला हवा. गवंडी दोन असतील तर पाळीनं जेवतील, पण थापी थांबता कामा नये. मठात साडेअकराला नैवेद्य आणि बाराला पंगत असते, म्हणून त्या दिवशी पंगतीची वेळ गवंड्याच्या सोयीनं ठेवायला हवी होती.

दुरुस्ती: सांध्यावर छिन्नीनं इंग्रजी व्हीसारखी खाच काढली, वॉटरप्रूफिंग घातलेला १:१ चा माल भरला, वरून निव्वळ सिमेंटच्या पाण्याचे दोन हात दिले, पुन्हा आठवडाभर ओलं ठेवलं. दुसऱ्या चाचणीत पातळी हलली नाही. मे महिन्याचा मोठा भाग यात गेला.

ही उतरून दुरुस्ती शेण भरण्याआधीच करता येते. एकदा शेण पडलं की आत कोणीही, कसल्याही कारणानं उतरायचं नाही. रिकाम्या केलेल्या संचातही प्राणवायू नसतो, माणूस वास येण्याआधी कोसळतो.

१४ मे : राब भाजायचा की नाही

रोपासाठी राब भाजायची इथली जुनी चाल: शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून जमीन भाजायची. अडीच एकराला दहा गुंठे रोपवाटिका लागते आणि तिच्यावर उन्हाळाभराचं शेण जळून जातं. नेमक्या याच दिवसांत संच भरायला ३ टन शेण हवं आहे. शेण दोन्हीकडे पुरणार नाही.

म्हणून शेण गॅसला दिलं. सहा गुंठ्यांवर फक्त पाला आणि काटक्यांचा पातळ राब, चार गुंठ्यांवर न भाजता गादीवाफे: चार फूट रुंद, चार बोटं उंच, वर भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा किलो. तूस घोटीच्या गिरणीतून गोणीच्या भावात मिळतं. ते पेटवून पांढरं होऊ द्यायचं नाही, काळं असतानाच पाणी मारून विझवायचं.

२५ मे : संच भरला, रोहिणी लागली

शेण आणि पाणी सारख्या मापानं कालवून सुमारे ६,००० लिटर काला भरला. त्यातला दहावा हिस्सा शेजारच्या गावातल्या चालू संचाची मळी, म्हणजे विरजण. ३ टन शेण आपल्या गोठ्यातून निघणं शक्य नव्हतं. निम्मं गावातल्या गोठ्यांतून ट्रॉलीनं आणलं, भाड्यासह २,८०० रुपये. साठवून वाळलेलं शेण चालत नाही, साल धरलेलं वरचं फेकून आतलं ओलंच घेतलं. काडी-कचरा वेचून काढला, नाहीतर वर तरंगून कडक साय धरते.

८ जून : मृगाची पेरणी

इंद्रायणीचं ३६ किलो बी. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात टाकलं, तरंगलेलं पोचट काढलं, बुडालेलं तीनदा चांगल्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवलं. ३६ किलोंतलं जवळपास ४ किलो तरंगलं. घरच्या बियात एवढं निघणारच. ते गायींच्या आंबोणात गेलं.

१५ जून : ज्योत

गॅस चार-पाच दिवसांपूर्वीच जमू लागला होता, पण पेटत नव्हता. सुरुवातीच्या गॅसात कार्बन डायऑक्साइड फार असतो. तो दोनदा पूर्ण सोडून दिला, आसपास विडी-काडी नाही याची खात्री करून. आज निळी ज्योत आली.

सिलिंडरची शेगडी यावर नीट चालत नाही, तिच्या नोझलचं भोक बारीक असतं. गोबरगॅसची दोन बर्नरची शेगडी वेगळी घेतली, २,४०० रुपये.

२३ जून : गॅस वाया जातोय

दीनबंधूच्या घुमटात दिवसाच्या गॅसचा साधारण तिसरा हिस्सा मावतो, म्हणजे आठ तासांचा. त्याहून जास्त वेळ शेगडी बंद राहिली की जादा गॅस निर्गमकुंडीतून बुडबुडे होऊन निघून जातो. मठाचं वेळापत्रक आड येतं ते इथे. काकड्यानंतर साडेपाचला चहा-दूध, दहा ते साडेअकरा नैवेद्य आणि वरण-भाजी, मग थेट रात्री आठला हरिपाठ झाल्यावर स्वयंपाक. दुपारच्या साडेआठ तासांत शेगडीला हात लागत नाही.

उपाय वेळापत्रकातच सापडला. गायींचं आंबोण पहाटे चुलीवर शिजायचं, ते दुपारी तीनला गॅसवर घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या उसळीचं कडधान्यही त्याच वेळी उकडून ठेवतात. चुलीचं लाकूड वाचलं, शिवाय पहाटे गोठ्यातला एक माणूस मोकळा झाला.

४ जुलै : आवणी आणि हात

निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते. एरवी सेवेला येणारे बहुतेकजण तेव्हापासून आषाढी होईपर्यंत वारीत असतात, आणि आवणी नेमकी त्याच दिवसांत. सेवेकऱ्यांच्या भरवशावर भातशेतीचा बेत करू नये. मजुरी धरूनच हिशोब मांडावा: बाईमाणसाला ४०० आणि दुपारचं जेवण, अडीच एकराला ३८ रोज लागले.

रोप २६ दिवसांचं. राबावरचं आणि गादीवाफ्यावरचं रोप उंचीला सारखंच, पण न भाजलेल्या वाफ्यांत तण मातलं. बार्डी हे तण आणि भाताचं रोप एकसारखं दिसतं, आवणीत तण सरळ खाचरात जातं. चार गुंठे दोनदा बेणावे लागले. राब भाजणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं गणित तणाचं होतं, खताचं नंतर. पुढच्या वर्षी सगळीकडे शेणाशिवायचा पातळ राब.

चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीप्रमाणे जोडओळ, १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून-पालटून, दोरीला खुणा बांधून. मजूर बायांना दोरी नको असते, हात अडखळतो. एक एकर दोरीवर, दीड एकर त्यांच्या अंदाजानं. दोरीचा एकर जवळपास दीडपट वेळ खातो. चौथं सूत्र युरिया-डीएपी ब्रिकेटचं, ते मठात रासायनिक खत नसल्यानं सोडलं.

गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला ३० किलो चिखलणीत तुडवायचा. बांधावर झाडं ६०, एका झाडाचा पाला सरासरी १० किलो. हिशोब २० गुंठ्यांवर संपला. उरलेल्या ८० गुंठ्यांना मळी दिली. बांधांवर तीन-चार फुटी काड्या आणखी १५० टोचल्या आहेत, उपयोग दोन वर्षांनी.

१९ जुलै : खेकडे आणि पाणी

पुनर्वसूचा पाऊस सलग. खेकड्यांनी बांध पोखरले, वरच्या दोन खाचरांचं पाणी रात्रीत खाली गेलं. भोकावर चिखल लिंपून उपयोग नाही, खेकडा शेजारून निघतो. भोक फावड्यानं दोन फूट उकरून चिकणमाती ओली चोपून भरावी लागते. मठात खेकडे मारत नाहीत. सकाळी पकडून ओढ्याच्या पलीकडे सोडतात. कोवळं रोप कापायचे दिवस आवणीनंतरचे दोन-तीन आठवडेच असतात, तेवढं सांभाळलं की पुरतं.

२७ जुलै : शेगडी फडफडते

ज्योत उडते, विझते, पुन्हा येते. गॅस कमी नव्हता, पाइपात पाणी साचलं होतं. गॅस ओला असतो, गार पाइपात त्याचं पाणी होतं. ६० फूट पाइपाला मध्ये पोट आलं होतं. पाइप पुन्हा बांधला: शंभर फुटाला एक फूट उतार, सगळ्यात खालच्या जागी पाणी सोडायची तोटी. दर सोमवारी ती उघडायची, फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

दुसरं: निर्गमकुंडीवर झाकण नसल्यानं पावसाचं पाणी आत जाऊन काला पातळ झाला आणि मळी वाहून ओढ्याला लागली. पत्र्याचं छप्पर ३,२०० रुपये. हे बांधकामातच धरायला हवं. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. मळी आता पालापाचोळ्याच्या खड्ड्यात जिरवतात, पातळ मळी पावसात उघड्यावर ठेवण्यात काही राहत नाही.

१० ऑगस्ट

चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद. म्हणून परसबागेत वांग्याची जागा वेलांना: दोडका, दुधी, घोसाळी, काकडी. मांडव गोठ्याच्या दक्षिणेला, उंच. खाली अळू. पालेभाजी या पावसात सडते, गच्चीवरच्या प्लास्टिकखाली थोडी राहिली. दुधी एवढा आला की वासरांनाही गेला.

२४ ऑगस्ट : पोळ्यानंतर

एक गाय व्यायली. दहा दिवस तिचं दूध देवाला नाही. खरवस आणि वासरू यांतच जातं. नैवेद्याच्या दुधाचा हिशोब मांडताना दोन गायी एका महिन्यात व्यायला नकोत. रेतनाच्या वेळी हे पाहिलं जात नाही आणि मग देवासाठी दूध विकत आणावं लागतं.

५ ऑक्टोबर : वरई

वरकस जमिनीतली अर्धा एकर वरई, एक एकर नागली. वरई नुसत्या हौसेनं नाही. १४ माणसं, वर्षाच्या २४ एकादश्या, माणशी दिवसाला १५० ग्रॅम भगर, म्हणजे ५० किलो. वरईतून साठेक टक्के भगर उतरते, तेव्हा ८४ किलो वरई हवी. हाती आली १३० किलो. त्यातली १५ किलो बियाण्याला. वरई पिकली की लगेच कापायची, दोन दिवस उशीर झाला तर दाणा गळतो आणि पाखरं उरलेलं नेतात. नागलीचं सरमाड गायी भाताच्या पेंढ्यापेक्षा आवडीनं खातात.

१६ नोव्हेंबर : झोडणी, आणि खरा हिशोब

भात २७ क्विंटल. दोरीच्या एकरात ११.७५, उरलेल्या दीड एकरात १५.२५. फरक आहे, पण सगळ्या दीडपट वेळाची भरपाई करण्याएवढा नाही. घोटीच्या गिरणीत १०० किलोंना ६२ किलो तांदूळ मिळाला, एकूण १६.७५ क्विंटल. १४ माणसांना एकादश्या वगळून दिवसाला ३०० ग्रॅमनं १४.३ क्विंटल लागतो. म्हणजे मठाची पंगत भागते, यात्रेचा भंडारा भागत नाही.

पण धान्याची तूट ही अडचणच नव्हे. तांदूळ बारा महिने विकत मिळतो. अडचण चाऱ्याची. निम्म्या नोव्हेंबरपासून मृगापर्यंत सात महिने, ८ मोठी जनावरं रोज ५ किलो, ३ वासरं २ किलो, म्हणजे जवळपास ९.६ टन सुका चारा. आपला भातपेंढा ३.२ टन, नागलीचं सरमाड एक टन, बांधाचं आणि डोंगराचं कापलेलं गवत २ टन. तूट ३.४ टन. उन्हाळ्यात पेंढ्याचा भाव चढतो आणि पावसाच्या तोंडावर तो कोणी विकतही नाही.

गॅससाठी शेण हवं म्हणून जनावरं वाढवायची, असा विचार काही जणांनी मांडला होता. एका मोठ्या जनावरामागे सात महिन्यांचा टनभर चारा. आपल्या अडीच एकरातला पेंढा तीनच मोठ्या जनावरांना पुरतो. त्यामुळे वाढ नाही. पेंढा आताच शेकड्यानं घेऊन ठेवला, ११,५०० रुपये. उडवी दगडी जोत्यावर रचली. गेल्या वेळी खालचा हातभर थर ओल धरून काळा पडला होता, तसा पेंढा जनावराला घालू नये.

१८ डिसेंबर : थंडी

पहाटे पारा दहाच्या खाली. गॅस उन्हाळ्याच्या दोन तृतीयांश. उपाय दोन: शेण कालवायचं पाणी काळ्या पिंपात उन्हात तापवून दुपारी दोनला भरणं (पहाटे गार पाण्यानं भरायची सवय मोडावी लागली) आणि घुमटावर वीतभर तुसाचा थर. पेंढा पांघरायचा सल्ला सगळे देतात, पण तो चारा आहे. तूस उडू नये म्हणून वर गोणपाट.

९ जानेवारी : फिनेल

निवृत्तिनाथांच्या पौषातल्या यात्रेआधी साफसफाई झाली. गोठा फिनेलनं धुतला गेला आणि ते पाणी नेहमीच्या पन्हाळीतून संचात उतरलं. चौथ्या दिवशी गॅस जवळपास बंद, काल्याला आंबट वास, वर फेस. जिवाणू मेले की आधी आंबूस होतं आणि मग गॅस थांबतो.

केलेलं काम: भरणं पूर्ण थांबवलं. दोन दिवसांनी १५० लिटर काला काढून तेवढीच शेजारच्या संचाची ताजी मळी घातली, दिवसाआड तीनदा. २५० ग्रॅम चुना पाण्यात निवळून दोन वेळा. मग २० किलो शेणापासून हळूहळू भरणं वाढवलं. यात्रेचा सगळा स्वयंपाक लाकडावर आणि सिलिंडरवर झाला, जादा खर्च ४,६०० रुपये.

पन्हाळीला आता दोन तोंडं आहेत, मध्ये सरकती फळी. धुण्याचं पाणी नारळांकडे, शेणाचं संचाकडे. फळीला लाल रंग दिला आहे. गोठ्यात फिनेलऐवजी राख आणि चुना.

२ फेब्रुवारी

गॅस पूर्ववत, ज्योत निळी. नेपियर गवताचे ठोंब ५ गुंठ्यांत, तीन बाय दोन फुटांवर, स्वयंपाकघराच्या सांडपाण्यावर आणि मळीवर. पहिली कापणी अडीच महिन्यांनी. हिरवा चारा मिळाला तरी सुक्याची पूर्ण तूट भरणार नाही, एप्रिलमध्ये पेंढ्याची आणखी एक ट्रॉली धरून ठेवायची. बांधावरच्या चाऱ्यावर पोसू शकेल अशा गावातल्या एका शेतकऱ्याला पोळ्यानंतर दोन कालवडी द्यायच्या, पहिलं वेत झाल्यावर एक परत, हे बोलून ठेवलं आहे.